निवृत्तीनंतरची हजेरी



आपल्या सेवानिवृत्त शिक्षक संघाचा मोठा कार्यक्रम दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात होतो. त्याचं कारण इथल्या जाणत्यांना ठाऊक आहे, मागे बसलेल्या तरुण मंडळींसाठी सांगते. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे. घरात तारीख लिहून ठेवायची रीत नव्हती. आई सांगायची, जोंधळा काढणीला आला होता तवाचं आहे हे. मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाती लागला की पोर शाळेच्या वयाचं झालं. शाळा उघडताना सहा वर्षं पुरी भरतील अशा बेताने रजिस्टरमध्ये १ जून पडायचा. त्यातलीच काही मुलं पुढे शिक्षक झाली, आणि अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे ३१ मेला घोळक्याने निवृत्त झाली. म्हणून आपल्याकडे निरोपाचे आणि स्वागताचे हार एकाच आठवड्यात लागतात.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी या संघाचे अनेक वर्षं सचिव होते. नव्याने आलेल्या सभासदाला हार घालून झाला की ते दोन प्रश्न विचारायचे. पेन्शनचे कागद पूर्ण आहेत का? आणि, तुमच्या गावातली कोणती चार घरं तुम्हाला सगळ्यात जास्त ओळखतात? पहिल्या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना लगेच कळायचा. दुसऱ्याचा अर्थ मला ऊसतोडीच्या वाड्यांवर फिरायला लागल्यावर उमगला. माझं आजचं सगळं बोलणं या दोन प्रश्नांच्या नात्याबद्दल आहे. निवृत्त शिक्षक गावाला जो वेळ देतो तो फुकट आलेला नसतो. पेन्शनने त्याच्या चुलीची काळजी मिटवलेली असते, म्हणून तो वेळ देऊ शकतो. पेन्शन सांभाळणं आणि समाजाचं काम करणं ही संघाची दोन वेगवेगळी खाती आहेत असं मी मानत नाही.

पेन्शनचं काम बाहेरून रुक्ष दिसतं. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यायचा. २०१४ पासून 'जीवन प्रमाण'मुळे तो बोटाच्या ठशावर काढता येतो, पण ज्या हातांनी जन्मभर खडू धरला आणि निवृत्तीनंतर खुरपं, त्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत हे आपण सगळ्यांनी बघितलं आहे. मग संघातलं कोणीतरी म्हाताऱ्या बाईंना मोटारसायकलवर बसवून बँकेत नेतं. अंशराशीकरण केलेल्यांची, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतलेल्यांची, कापलेली रक्कम पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू व्हायची असते, त्याची आठवण कोणीतरी करून द्यावी लागते. आणि सगळ्यात अवघड काम कुटुंबनिवृत्तिवेतनाचं. गुरुजी गेले, मागे बाई राहिल्या. गुरुजींच्या सेवापुस्तकात त्यांचं नाव सासरचं, आधार कार्डावर वेगळं, बँकेच्या पासबुकावर आणखी वेगळं. एका कार्यालयात अशा एका बाईंना मी एकाच टेबलापुढे तासन्‌तास उभं राहिलेलं बघितलं. नवऱ्याने त्याच तालुक्यात तीस-बत्तीस वर्षं शिकवलं, आणि आपण त्याची बायको आहोत हे त्यांना तिथे सिद्ध करावं लागत होतं. तिथे संघाचा माणूस शेजारी उभा असला की आवाज बदलतो. हे काम कमी प्रतीचं आहे असं कोणी म्हणू नये.

जगात इतरत्रही अशा संघटनांची सुरुवात इथूनच झाली आहे. अमेरिकेत एथेल पर्सी अँड्रस नावाच्या मुख्याध्यापिका होत्या, लॉस एंजेलिसच्या लिंकन हायस्कूलच्या. १९४४ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पुढे त्यांना एक वृद्ध निवृत्त शिक्षिका कोंबड्यांच्या खुराड्यात राहताना आढळली. पेन्शन इतकी तुटपुंजी की भाड्याची खोली परवडत नव्हती. अँड्रस बाईंनी १९४७ मध्ये निवृत्त शिक्षकांची राष्ट्रीय संघटना काढली. त्या वयात कोणतीही कंपनी आरोग्यविमा देत नव्हती, तो त्यांनी खटपट करून १९५६ मध्ये मिळवला. १९५८ मध्ये त्याच कामातून सगळ्या ज्येष्ठ नागरिकांची संघटना उभी राहिली, आणि ती आज त्या देशातल्या सर्वांत मोठ्या संघटनांपैकी एक आहे. शिक्षकांनी आधी स्वतःच्या म्हातारपणाची सोय लावली आणि मग ती सोय सगळ्यांसाठी खुली केली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्या संघानेही तो क्रम थोडाफार पाळला. कागदपत्रांची सवय लागलेली माणसं गावात बसलेली आहेत म्हटल्यावर लोक आपले कागद घेऊन यायला लागले. त्यात सगळ्यात जास्त माणसं येतात जातपडताळणीसाठी. मुलगा बारावी झाला, प्रवेशाची मुदत तोंडावर आली, आणि पुरावा जुना लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. ज्या घरात जमिनीचा सातबारा नाही, त्या घरात इतका जुना कागद एकाच ठिकाणी सापडू शकतो, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. आजोबा दोन वर्षं का होईना शाळेत गेले असतील, तर त्यांची एक ओळ तिथे आहे: नाव, जात, जन्मस्थळ, दाखल तारीख, शाळा सोडल्याचं कारण. पण आजोबा कोणत्या शाळेत गेले? वाडीवर तेव्हा शाळाच नव्हती. पलीकडच्या गावात मामाकडे राहून शिकले की मारुतीच्या देवळात भरणाऱ्या शाळेत? ती शाळा पुढे कोणत्या शाळेत विलीन झाली? रजिस्टर कोणत्या कपाटात गेलं? याचं उत्तर कोणत्याही संगणकात नाही. ते चार जुन्या गुरुजींना एकत्र बसवलं की निघतं. एकाला शाळा आठवते, दुसऱ्याला तिथला मुख्याध्यापक, तिसऱ्याला चार्ज देताना केलेली यादी. एका वडार कुटुंबातल्या मुलीचा नर्सिंगचा प्रवेश अशा एका ओळीवर वाचला. आजोबांच्या नावापुढे 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'परगावी गेला' एवढंच लिहिलं होतं. ज्या कारणाने आजोबांची शाळा सुटली, त्याच कारणाच्या नोंदीने नातीचं शिक्षण सुरू राहिलं.

आता ज्याच्यासाठी मी आज उभी आहे त्या विषयाकडे येते.

दसरा झाला की आमच्या बालाघाटच्या वाड्या-तांड्यांवर निघायची तयारी सुरू होते. मुकादमाची उचल पावसाळ्यातच हातात पडलेली असते आणि खर्चलेलीही असते, कुणाच्या लग्नात, कुणाच्या दवाखान्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी भरली की ट्रॅक्टर सुटतो, पुष्कळदा रात्रीच. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, खाली कर्नाटकात बेळगावचा पट्टा. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत माणसं परत येत नाहीत. मुलं सोबत गेली की शाळेचं निम्मं वर्ष गेलं. कागदावर उपाय पुष्कळ आहेत. १९९० च्या दशकात साखरशाळा आल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाल्यावर मुलं जवळच्या नियमित शाळेतच बसली पाहिजेत असं ठरलं आणि साखरशाळा मागे पडल्या. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक द्यायचं, म्हणजे तिकडची शाळा त्याला त्याच इयत्तेत बसवून घेईल. राहणाऱ्या मुलासाठी गावात हंगामी वसतिगृह, म्हणजे मूल आजी-आजोबांकडे राहतं आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मिळतं. योजना चांगल्या आहेत. अडचण अशी की मूल जाणार हे शाळेला ते गेल्यावर कळतं.

कोणतं मूल जाणार याची आपली, संघाची यादी वेगळी असते, कारण ती घरं ओळखणाऱ्या माणसाने केलेली असते. 'या घरात धाकट्या सुनेला पाच महिन्यांचं बाळ आहे, म्हणजे बाळाला कोपीत सांभाळायला थोरली पोरगी जाणार.' 'त्या घरातला आजा गेल्या उन्हाळ्यात वारला, म्हणजे या वर्षी पोरं मागे ठेवायला कोणी नाही.' चौथीतली मुलगी शाळेतून का नाहीशी होणार हे ती नाहीशी होण्याआधी महिनाभर सांगता येणं, हे ज्ञान कोणत्याही पोर्टलच्या रकान्यात बसत नाही. गावात तीस वर्षं शिकवलेल्या, आई आणि मुलगी दोघींनाही बाराखडी शिकवलेल्या माणसाकडेच ते असतं.

एका वाडीवर आम्ही तिघं गेलो होतो, दिवेलागणीची वेळ. आजी सुपात बाजरी पाखडत होती. मुलगी चौथीत, हुशार, आणि तिचं दप्तर आधीच पेटीत बांधलेलं. मी नेहमीचं बोलायला लागले, शिक्षणाचं महत्त्व वगैरे. आजीने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाई, भाकर मी घालीन. पण रातच्याला हिला ताप आला तर हिला मी कुठं नेऊ? मला दिसतंय का?" शिक्षणाचं महत्त्व त्या घराला माझ्याइतकंच कळत होतं. प्रश्न रात्रीच्या तापाचा होता. आमच्यातले एक गुरुजी त्याच वाडीच्या खालच्या अंगाला राहतात. ते उठले, चुलीतला कोळसा घेतला आणि दाराच्या आतल्या भिंतीवर हाताएवढ्या आकड्यांत आपला फोन नंबर लिहिला. म्हणाले, "पोरीला नंबर वाचता येतो. तिने फोन करायचा, मी गाडी घेऊन येणार." मुलीचा बाप उंबऱ्यावर बसला होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, तुमच्या भरवशावर ठेवतो." त्या हंगामात तो फोन दोनदा वाजला, आणि दोन्ही वेळा गुरुजी गेले.

तिथून चार घरं पलीकडे आम्ही असंच बसलो, तेवढाच वेळ बसलो, पण त्या घरातली मुलगी गेली. तिच्या घरी मागे कोणीच नव्हतं. वयात आलेली पोर एकटी ठेवायची कशी, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. अशा घरांत पुढची पायरी बालविवाहाची असते हे सगळ्यांना दिसतं. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आली. तिथे तालुक्याच्या प्रत्येक पात्र मुलीला जागा मिळते का, हे जाऊन बघणं, अर्ज भरून देणं आणि पहिला महिना दर रविवारी तिला भेटून येणं, हे संघातल्या निवृत्त बाईंनी हातात घ्यावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. आईबापांना मुलगी वसतिगृहात पाठवताना इमारतीपेक्षा तिथे जाणारी ओळखीची बाई महत्त्वाची वाटते.

जी मुलं जातातच, त्यांच्यासाठी दुसरी साखळी लागते. हमी पत्रक मुलाच्या हातात दिलं की काम झालं असं नसतं. ते पत्रक कोपीत पाण्याने भिजतं किंवा पेटीच्या तळाशी राहतं. कारखान्याच्या भागातही आपल्यासारखेच निवृत्त गुरुजी आहेत. तिकडच्या एका गुरुजींना आम्ही टोळीच्या मुकादमाचं नाव आणि कारखाना एवढंच फोनवर कळवलं. त्यांनी कारखान्याच्या चिटबॉयला गाठलं, टोळी कोणत्या फडात आहे ते विचारलं आणि संध्याकाळी कोप्यांवर जाऊन बसले. बाया वाढ्यांच्या पेंढ्या बांधत होत्या. दोन मुलं त्यांनी जवळच्या शाळेत नेऊन बसवली. टोळी दुसऱ्या फडात हलली तेव्हा शाळाही बदलली, पण गुरुजींनी पाठ सोडली नाही. मार्चअखेर मुलं परत आली तेव्हा त्यांच्याजवळ तिकडच्या हजेरीचा कागद होता, आणि इकडच्या शाळेत त्यांची इयत्ता शाबूत राहिली. दोन तालुक्यांतल्या दोन निवृत्त माणसांच्या ओळखीवर हे झालं. ऊस पिकवणाऱ्या आणि ऊसतोड मजूर पाठवणाऱ्या तालुक्यांतल्या संघांनी अशा जोड्या ठरवून जमवाव्यात. त्याला कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही.

मागे राहिलेल्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यास घ्यायला लागल्यावर एक गोष्ट आपोआप घडली. आज्या येऊन बसायला लागल्या. सुरुवातीला नातवाला न्यायला म्हणून, मग थांबून. शासनाचा उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी आहे आणि तो स्वयंसेवकांच्या जिवावर चालतो. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास गुणांची परीक्षा. शिकवणारे आमच्यासारखे आणि शिकणाऱ्या या आज्या, असा मेळ बसला. आपल्यातल्या ज्येष्ठांनी ग्रामशिक्षण मोहिमेचे दिवस बघितले आहेत. १९५९ मध्ये साताऱ्यातून सुरू झालेली ती मोहीम राज्यभर गेली, आणि कंदिलाच्या उजेडात प्रौढांचे वर्ग घेणारे शिक्षक तेव्हा गावोगाव होते. त्यांच्याकडून ऐकलेलं एक सूत्र आजही उपयोगी पडतं: प्रौढ माणसाला आधी त्याचं नाव लिहायला शिकवावं, बाराखडी मागून येते. आमच्या आज्यांना आधी शिकायचे होते मोबाइलवरचे आकडे, कारण मुलगा-सून कारखान्यावर होते आणि फोन स्वतःला लावायचा होता. म्हणून आम्ही आकड्यांपासून सुरुवात केली.

इथे एका नाजूक मुद्द्यावर स्पष्ट बोललं पाहिजे. जुलै २०२३ मध्ये शासनाने ठरवलं की पवित्र पोर्टलमार्फत नियमित भरती होईपर्यंत जिल्हा परिषद शाळांतल्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना सत्तर वर्षांपर्यंत कंत्राटी तत्त्वावर घ्यावं, महिना वीस हजार रुपये मानधन. आपल्यातले काही जण गेले. ज्यांच्या घरी आजारपण आहे, मुलाची नोकरी नाही, त्यांना मी एका शब्दाने बोल लावणार नाही. पण संघ म्हणून आपण या व्यवस्थेचे पुरवठादार होऊ नये. डी.एड. करून, टीईटी आणि टेट देऊन, तिशी ओलांडलेली मुलं-मुली याच तालुक्यात आहेत. त्यांतली कित्येक आपल्याच हाताखाली शिकली. वर्गात रोज उभं राहणारा शिक्षक पूर्ण पगाराचा, पूर्ण हक्काचा आणि चालत्या वयाचा हवा. त्याच्या जागेवर आपण स्वस्तात उभे राहिलो तर जागा भरलेली दिसेल आणि भरती आणखी लांबेल. आपलं काम शाळा सुटल्यानंतरचं आहे, घराघरांतलं आहे, सुट्टीतलं आहे. रिक्त जागांची यादी दरवर्षी ऑगस्टमध्ये माहितीच्या अधिकारात मागवून ग्रामसभेपुढे ठेवणं हेही आपलं काम आहे, आणि ते आपण निर्धास्तपणे करू शकतो, कारण आता आपली बदली होत नाही.

मग सुरुवातीच्या दोन प्रश्नांचं काय? मी आज सांगितलेलं प्रत्येक काम करणारा माणूस जुन्या पेन्शनचा आहे. भिंतीवर नंबर लिहिणारे गुरुजी रात्री गाडी काढू शकले, कारण पेट्रोलचे पैसे खिशात होते आणि दुसऱ्या दिवशी कुठे कामाला जायचं नव्हतं. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्या बहुतेकांना ती पेन्शन नाही. त्यांचे पैसे आधी अंशदायी योजनेत, मग राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत गेले. मार्च २०२३ चा संप त्यासाठीच होता, आणि त्यानंतर सुधारित योजनेचे पर्याय पुढे आले. पण ज्यांनी सेवेची पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढली, ज्या वस्तीशाळेच्या शिक्षकांनी हजार रुपयांवर वर्षानुवर्षं शाळा चालवली आणि जे २०१४ मध्ये कुठे नियमित झाले, त्यांच्या हाती अखेर किती सेवा आणि किती रक्कम लागणार? वस्तीशाळेचे कित्येक शिक्षक आता निवृत्तीला आले आहेत. वाड्यांवरची घरं त्यांच्याइतकी कोणालाच माहीत नाहीत, कारण ते त्याच वाडीवरचे. आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांना किराणा दुकान टाकावं लागेल किंवा दुसऱ्याच्या रानात जावं लागेल. संध्याकाळी आज्यांना आकडे शिकवायला त्यांनी यावं असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

म्हणून त्यांच्या पेन्शनचा प्रश्न संघाने आपला मानला पाहिजे. जुनी पेन्शन मिळवून सुखाने बसलेल्यांनी त्यांच्या मोर्चात पहिल्या रांगेत चाललं पाहिजे. आणि जोवर तो प्रश्न सुटत नाही तोवर संघाच्या निधीतून त्यांना या कामासाठी निदान प्रवासखर्च तरी दिला पाहिजे. दर जूनला शाली, फेटे, स्मृतिचिन्हं आणि मंडप यांवर आपण जो खर्च करतो तो ताळेबंदात सगळ्यांनी वाचला आहे. मानाचा नारळ राहू द्या. उरलेली रक्कम दसऱ्यापूर्वी वेगळ्या खात्यावर जावी, आणि तिच्यातून ऊसतोडीच्या हंगामात वाड्यांवर जाणाऱ्या प्रत्येकाला, सभासद असो वा नसो, पेट्रोलचे पैसे मिळावेत. त्याचबरोबर वस्तीशाळेच्या शिक्षकांना निवृत्तीची वाट न बघता आत्ताच संघाचं सभासदत्व द्यावं, वर्गणी न घेता. या दोन्ही गोष्टींचा लेखी ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. सूचक म्हणून माझं नाव आजच लिहून घ्या. अनुमोदक मात्र मला इथे समोर बसलेल्यांमधूनच हवा आहे, आणि तो जुन्या पेन्शनचा असावा.